दुखाच्या घरी काय म्हणावं

चतुराबाई शाळेत गेली ती दुसरीपर्यंत. पण कुठल्या सणाला कुणी कुणाच्या दारात आधी जायचं आणि गेल्यावर काय म्हणायचं, हे नांदेडच्या मोंढ्यामागच्या त्या गल्लीत तिला विचारल्याशिवाय ठरत नसे. सासर धर्माबादकडचं, मिरचीच्या बाजाराचं. जीभही तिनं तिथूनच आणली असं लोक म्हणायचे, ते तिच्या माघारी. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. संक्रांतीला बाया तिच्या हातावर तीळगूळ ठेवायच्या आणि ‘गोड बोला’ म्हणताना जरा अडखळायच्या.

"थांबली काहून? म्हण की," ती म्हणायची. "तुझा गूळ खाल्ला म्हणून माझी जीभ काय तुझी व्हत न्हाई. पण तू म्हणायचं सोडू नको."

कारण तिचं म्हणणं सरळ होतं. सणाचे शब्द हे खरं-खोटं करून बघायचे शब्दच नव्हेत. दसऱ्याला आपण आपट्याचं पान देतो आणि सोनं म्हणतो. देणाऱ्याला ठाऊक असतं की पान आहे, घेणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि तरी दोघं ते कपाळाला लावतात. त्यात फसलं कोण? उलट वर्षभर ज्याच्याशी अबोला धरला त्याच्याही दारात त्या दिवशी जाता येतं, कारण काय बोलावं हा पेचच पडत नाही. शब्द आधीच तयार असतात, आजे-पणजे घासूनपुसून ठेवून गेलेले. आपण नुसते पाय घेऊन जायचं. म्हणून मोबाइलवरच्या शुभेच्छांचा तिला मनस्वी तिटकारा. नात सृष्टी पाडव्याची गुढी, दिवाळीची पणती, सगळं एका बोटानं साऱ्या गोतावळ्याला पाठवून मोकळी व्हायची. चतुराबाई म्हणायची, हे म्हणजे सायकलवरून जाताना सगळ्यांच्या उंबऱ्यावर पाणी उडवल्यासारखं झालं. उंबरे ओले झाले, तहान कुणाची भागली?

तिच्या समोरचं दार जोहराचं. पुढं गादी-रजईचा कारखाना, मागं घर, मधे एक फुलाफुलांचा पडदा. जोहराचा नवरा जहांगीर कापूस पिंजायचा, आणि गल्लीत अशी एकही रजई नव्हती जिच्यात त्याच्या हातचा कापूस नाही. दिवाळीच्या पहाटे चतुराबाईचे मालक श्रीमंतराव अभ्यंगस्नान करून बाहेर येतात न येतात तोच जहांगीर ओट्यावर येऊन बसलेला असायचा, "दिवाळी मुबारक, दादा" म्हणायला. आणि ईदेला ईदगाहवरून परतताना हा माणूस आधी घरी जायचाच नाही. गल्लीच्या तोंडापासून एकेकाला गळ्याला लावत यायचा. बसवंतअप्पांच्या ओट्यापाशी तर अडकूनच पडायचा. बसवंतअप्पा एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपली, पण आवाज बसमधलाच राहिला. त्यांची ‘ईद मुबारक’ मोंढ्यापर्यंत ऐकू जायची आणि बाया चुलीपाशी म्हणायच्या, आता वाट्या येणार. यायच्याच. जोहराच्या घरचा शीरखुर्मा सगळ्यात आधी चतुराबाईकडं यायचा, मग बाकीच्यांकडं, आणि वाटी कधी रिकामी परत गेली नाही.

श्रीमंतराव काही वर्षांमागं गेले. आणि यंदा संक्रांत उलटल्यावरच्या थंडीत जहांगीरही गेला. छातीत कळ आली, रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचायच्या आत सगळं संपलं. जोहराच्या घरी चूल पेटली नाही तोवर भाकरी-पिठलं चतुराबाईनं स्वतः नेऊन दिलं, सुनेच्या हाती धाडलं नाही. जोहरा इद्दतीला बसली. नवरा गेल्यावर त्यांच्यातल्या बाईनं काही महिने उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही, नटायचं नाही. कारखाना मुलगा नबील बघायला लागला. पोरगं कष्टाळू, पण बापासारखं मोकळं नव्हे. मान खाली घालून येणार, मान खाली घालून जाणार.

अशात पाडवा आला रविवारी, आणि चंद्र दिसला तर सोमवारी ईद, असा योग.

पाडव्याला चतुराबाईच्या गच्चीवर गुढी उभी राहिली, पुरणपोळ्या झाल्या. तिची सून वर्षाराणी दरसालच्या सवयीनं जोहराच्या घरची चवड वेगळी काढायला लागली, तशी चतुराबाईनं तिचा हात धरला. दुखाचं घर आहे, म्हणाली. त्या घरात वर्षभर सण नाही. गोडाचं ताट न्यायचं नाही आणि सणाचं तोंडानं म्हणायचंही नाही. श्रीमंतराव गेले तेव्हा या घरात वर्षभर तळणाची कढई चढली होती का?

वर्षाराणी लातूरची, डाळ मिलच्या बाजूला वाढलेली, मनातलं पोटात ठेवायची सवय नसलेली. ती म्हणाली, "आत्याबाई, पन त्यांच्यात तसं असतंय का? मी पळत जाऊन इचारून येते."

"दुखाला काय जात असती?" चतुराबाई म्हणाली. "नवरा तुझा गेला काय आन् तिचा गेला काय, डोळ्यातून पानीच येतंय. त्यात इचारायचं काय?"

मोठ्या मनाचं बोलणं होतं ते, आणि मोठ्या मनाच्या बोलण्याला आडवं जाणं फार अवघड. वर्षाराणीनं पोळ्या परत डब्यात ठेवल्या.

सांजच्याला चंद्र दिसल्याची हाकाटी झाली तशी चतुराबाई पदर खोचून गल्लीत निघाली. एकेका दारात उभी राहून तिनं बजावलं. उद्या जोहराच्या दारात कुणी मुबारक करायला जायचं नाही. लेकरं पाठवायची नाहीत. नबील वाटेत भेटला तर गळाभेटी करत बसायचं नाही, पोराच्या काळजाला खरचटतं. बापाच्या जागी लोक त्याला गळ्याला लावायला लागले तर ते उभ्या उभ्या रडेल. बसवंतअप्पांनी तोंड उघडलं होतं, पण चतुराबाईचा चेहरा बघून मिटलं. साऱ्या गल्लीनं माना डोलावल्या. आपल्या शब्दाला गल्ली अजून उठते-बसते हे बघून तिला बरं वाटलं, आणि जोहरासाठी आपण काहीतरी केलं याचंही बरं वाटलं. दोन्ही समाधानं एकात एक अशी मिसळली होती की तिला ती वेगळी करता आली नसती.

ईदेच्या सकाळी ती ओट्यावर तांदूळ निवडायला बसली. तांदूळ निवडलेलेच होते.

नबील ईदगाहवरून आला. अंगात जुनाच कुर्ता, पण स्वच्छ धुतलेला, इस्त्रीचा. गल्लीच्या तोंडाशी आला आणि त्याचे पाय हळू झाले, बापाचे व्हायचे तसे. किराणावाल्यानं पोत्यात मान घातली. समोरून येणाऱ्या दोघांनी नुसतं डोकं हलवलं आणि कडेनं निघून गेले. बसवंतअप्पा ओट्यावर होते. त्यांनी नबीलला पाहिलं, उठले, दोन्ही हात धोतराला पुसल्यासारखे केले आणि घरात गेले. पोरगं तिथं थोडा वेळ उभं राहिलं. मग झपझप चालत पडद्याआड गेलं.

चतुराबाईनं हे सगळं पाहिलं. बघ, कसा धीरानं गेला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पण समोरच्या घरातून वास यायला लागला. तुपात परतलेल्या शेवयांचा, खारकेचा, आटणाऱ्या दुधाचा. दुखाच्या घरातून असा वास का यावा, हे तिला कळेना. जोहराची नणंद मुबश्शिरा लातूरहून येऊन राहिलेली, तिचं काम असेल, असं तिनं ठरवलं. पुढं ऊन चढलं तरी तो फुलाफुलांचा पडदा राहून राहून बाजूला व्हायचा. एक हात दिसायचा, बांगडी नसलेला. पडदा पुन्हा पडायचा. वारा नव्हता त्या दिवशी.

दुपारी नबील तिच्या ओट्याशी आला. बस म्हटलं तर बसला नाही.

त्यानं सांगितलं की किराणावाल्याकडून त्याला आत्ताच कळलं, काल मावशीनं दारोदार फिरून सगळ्यांना अडवलं म्हणून. अम्मीला त्यानं अजून हे सांगितलेलं नाही. अम्मीनं पहाटेपासून मोठं पातेलं चढवलंय, अब्बा असताना चढायचं तेवढंच. मुबश्शिरा फुफी नको म्हणत होती तरी ऐकलं नाही. आणि आता ती सकाळपासून एकच विचारतेय, की आपल्या हातून काय चुकलं.

"तुज्या बापाच्या दुखाचा मान राखला मी," चतुराबाई म्हणाली. आवाज चढला होता.

"आमाला ते मानासारखं दिसलं न्हाई, मावशी." नबीलनं पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. "बाहेर काय काय चालू हाय, ते आमाला बी कळतंय. दुकानात मोबाइलवर रोज दिसतंय. अम्मीला मी सांगायचो, ते बाहेर हाय, आपल्या गल्लीत न्हाई. आज अप्पा मला बघून घरात गेले. अम्मी म्हणाली, गल्लीशी नातं तुज्या अब्बाचं व्हतं, ते गेले आन् नातं बी गेलं. मी काय सांगू तिला?"

चतुराबाईनं निवडलेले तांदूळ बाजूला सरकवले. नबील पुढं म्हणाला, की तुम्ही सांगत असाल तर तो अम्मीला सांगेल, लोक गावी गेलेत, पाडव्याला जोडून सुट्टी आहे. ते सोपं होतं. पोरगं तिची अब्रू वाचवायला आलं होतं, आणि ते कळल्यावर तिला जास्तच लागलं.

"तू कायबी सांगू नको," ती म्हणाली. "मी येते."

गल्ली ती केवढीशी, समोरासमोरच्या बाया गॅलरीतून वाटी देतील एवढी. पण ओट्यावरून उतरताना तिला आठवली ती श्रीमंतराव गेल्यानंतरची पहिली दिवाळी. साऱ्या गल्लीत आकाशकंदील, आणि हिच्या दारात अंधार. रीतच ती, तिची स्वतःची, तिनंच जपलेली. त्या दिवशी जोहरा आली होती. दारात चप्पल काढून उभी राहिली आणि आधी तिनं विचारलं होतं, "अक्का, तुमच्यात अशा वक्ताला काय बोलतात, सांगा. तेच बोलते मी." चतुराबाईनं सांगितलं, काही बोलू नको, नुसती बस. आणि जोहरा बसली होती, भिंतीला टेकून, अंधार दाट होईपर्यंत. एक शब्द नाही. चतुराबाई तेव्हा मनात म्हणाली होती, काय समज आहे या बाईला. पण ती समज कशात होती ते तिला आज, रस्त्याच्या मधोमध कळलं. ती बाई विचारून बसली होती. आपण न विचारता गल्ली बंद केली.

दारात मुबश्शिरा होती. लातूरची ही नणंद, बोलायला कडक. तिनं सलाम केला पण वाट दिली नाही. म्हणाली, मी भाभीला म्हणतच होते, पहिली ईद आहे, कुणी येणार नाही, पातेलं नक्को चढवू. भाभी म्हणाली, गल्ली येईल. बघा, आली गल्ली.

आतून आवाज आला. "कोन हाय? अक्का हायेत का? येऊ दे त्यांना. मला वाटलं गोदावरीला पूर आला काय की, रस्ता वलांडायला आज इतका वेळ लागला."

चतुराबाई आत गेली. जोहरा पांढऱ्या ओढणीत, चटईवर. पातेलं समोर, झाकलेलं. वाट्या एकात एक घालून ठेवलेल्या, धुवून पुसून, उपड्या. तिनं टोमणा मारला खरा, पण डोळे सुजलेले होते, आणि ती चतुराबाईच्या चेहऱ्याकडं बघत होती, या चेहऱ्यावर काय लिहून आलंय ते वाचल्यासारखी.

बसायच्या आधीच चतुराबाईनं सांगून टाकलं. कुणी अडवलं, कसं अडवलं, कशासाठी अडवलं. गल्लीचा काही दोष नाही, अप्पांचाही नाही, ते आत जाऊन रडत असतील तर मला माहीत नाही. दोष माझ्या शहाणपणाचा. आमच्यात वर्षभर सण म्हणत नाहीत, मला वाटलं दुख ते दुख. वर्षाराणी विचारून येते म्हणत होती, तिलाही मी बसवलं. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं, आणि शेवटी आवाज असा कोरडा पडला की मुबश्शिरानं न मागता पाणी आणून दिलं.

जोहरा वाट्यांची चवड सारखी करत राहिली. चतुराबाईला वाटलं, आता ही ऊठ म्हणेल. म्हटलं असतं तर ती उठली असती, आणि पुन्हा या दारात यायचं तोंड तिला राहिलं नसतं. इतक्या वर्षांत तिला माफी मागायची वेळ आली नव्हती असं नाही. तिनं ती मागितली नव्हती.

मग जोहरानं श्वास सोडला. "मंजी गल्ली तुटली न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई गं माय."

"तुमीच अडवली."

"मीच."

"अल्ला." जोहरानं ओढणीनं डोळे पुसले, आणि तिला हसू आलं. रडण्यातून फुटलेलं, वेडंवाकडं. "सकाळपासून मी काय काय इचार केला, अक्का. घर इकायचा सुद्दा केला. लातूरला नणंदेकडं जाऊन राहायचं ठरवून राहिले व्हते. आन् हे सगळं तुमच्या मानापायी."

मग तिनं सांगितलं. रागावून नाही, लेकराला उजळणी सांगावी तसं. त्यांच्यात बाकीच्यांनी तीन दिवस दुःख करावं, बायकोनं इद्दतभर. तिनं नवं नेसायचं नाही, अत्तर लावायचं नाही, बाहेर जायचं नाही, ते ती सगळं पाळतेय. "पन ईद थोडीच इद्दतीत बसली हाय? ती चंद्राबरोबर येती. माज्या दारात आलेली ईद मी माघारी कशी धाडू? आन् मुबारक मंजी नाचा-गा असं न्हाई वो अक्का. बरकत येऊ द्या, एवढंच. ज्या घरातलं माणूस गेलं, त्यालाच तर ती जास्त पायजे. ते गेल्यापासनं लोक येतात, बसतात, च्-च् करतात, जातात. मला वाटलं, आज कुणीतरी येईल आन् मला जित्या माणसावानी काहीतरी म्हनेल."

चतुराबाई ऐकत होती. तिच्या डोळ्यांपुढं गावाकडचं खळं आलं. रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. आणि ज्या साली रास लहान असते त्या साली तर सासरा तो शब्द जास्तच मोठ्यानं म्हणायचा. ती इतकी वर्षं ते ऐकत आली होती. पोतं भरलं म्हणून कुणी लाभ म्हणत नाही; ते भरावं म्हणून म्हणतात. तिनं जोहराकडं पाहिलं. बाई चार बुकं शिकलेली नव्हती, गल्ली सोडून फार लांब गेलेली नव्हती, नवरा जाऊन नुसते काही आठवडे झालेले. आणि पहाटे उठून, नणंदेचं न ऐकता, जगाला पुरेल एवढं दूध तापवून बसली होती. लोक येतील या भरवशावर. एवढा भरवसा आपल्यात होता का, त्या दिवाळीला? चतुराबाईला तिचा हेवा वाटला, आणि हेवा वाटण्याजोगी मैत्रीण आहे याचा अभिमानही.

"जोहरा," ती म्हणाली, "तवा तू मला इचारलं व्हतं. आता मी इचारते. काय म्हनू?"

"जे म्हणतात तेच म्हना," जोहरा म्हणाली. "फक्त मी रडायला लागले तर मधी थांबू नका."

मग चतुराबाईनं तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "ईद मुबारक, जोहरा." जोहराचा चेहरा तिथंच मोडला. ती अशी रडायला लागली की मुबश्शिरा धावत आत आली. चतुराबाई थांबली नाही. तुझ्या घरात बरकत येऊ दे, म्हणाली. तुझ्या नबीलच्या हाताला यश येऊ दे. या दारात माणसं येत राहू देत. तिच्या स्वतःच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज तिनं मोडू दिला नाही; मिरचीच्या बाजारात कमावलेला आवाज होता तो. जोहरा हुंदक्यातून म्हणाली, "खैर मुबारक, अक्का, खैर मुबारक," आणि दुसऱ्या हातानं पातेल्यावरचं झाकण चाचपडायला लागली.

वाटी संपवल्यावर चतुराबाई बाहेर आली. जोहराच्या उंबऱ्यावर उभी राहिली, आपल्या नव्हे, आणि गल्लीला हाक मारली. दारं उघडली, खिडक्या उघडल्या. कालच्यासारखं दारोदार जाऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण दारोदार म्हणजे प्रत्येकाला वेगळं, हळू आवाजात, आपली बाजू सांभाळत सांगता येतं. ते तिला नको होतं.

"काल मी सांगितलं ते चुकीचं सांगितलं," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जोहराकडं ईद हाय. ती वाट बघून राहिली हाय सकाळपासनं. चुकी माजी हाय, तिची न्हाई आन् तुमची न्हाई."

एवढंच म्हणाली. मग वर्षाराणी सृष्टीला घेऊन पहिली खाली उतरली, पदर नीट करत. सासूच्या जवळून जाताना तिनं सासूकडं असं पाहिलं की चतुराबाईनं नजर दुसरीकडं वळवली, आणि म्हणाली, बघतीस काय, जा आत. सून आत गेली. तिच्यामागून बाकीच्या बाया, लेकरं. नबील वाट्या बाहेर आणायला लागला. दूध आटून घट्ट झालं होतं म्हणून मुबश्शिरानं दुसरं दूध तापवायला ठेवलं, आणि कुरकुरत, पण कुणाला ऐकू न येईल असं, आणखी शेवया परतायला घेतल्या. बाया आतल्या खोलीत जोहरापाशी जायच्या. पुरुषांसाठी पुढच्या कारखान्यात, गाद्यांच्या थप्पीवर बसायची सोय झाली. मधला पडदा ओढून घेतला होता, आणि पलीकडं जोहरा बसलेली.

प्रत्येक बाईपाशी ती रडली. प्रत्येक बाईला तिनं उत्तर दिलं. एकीनंही म्हणायचं अर्ध्यावर सोडलं नाही, कारण चतुराबाई दारातच उभी होती आणि अडखळणाऱ्या बाईकडं बघत होती.

सगळ्यात शेवटी बसवंतअप्पा आले. ओट्यावरून उतरायला त्यांना फार वेळ लागला. आधी ते नबीलपाशी गेले. त्याला छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग उंबऱ्यापाशी येऊन थबकले. सबंध आयुष्य बसमध्ये ओरडण्यात गेलेल्या त्या माणसाच्या गळ्यातून आता आवाज निघेना.

"बाई," त्यांनी चतुराबाईला हळूच विचारलं, "आत जाऊन काय म्हनू मी? जहांगीर असता तर म्हटलं असतं. आता तिला काय म्हनू?"

अख्ख्या गल्लीनं आजवर हेच तिला विचारलं होतं, आणि तिनं दरवेळी सांगितलं होतं. आताही तिच्या जिभेवर उत्तर होतं, आणि ते बरोबरही होतं.

"मला काय इचारता?" ती म्हणाली. "पडद्यामागं बसलीय की ती. तिला इचारा."

अप्पा आत गेले. पडद्यापुढं हात जोडून उभे राहिले, आणि घसा खाकरून त्यांनी खरंच विचारलं. चतुराबाई दारातच उभी होती, पाठ आत करून, पण कान तिकडंच. पडद्यामागून पळी पातेल्याला लागल्याचा आवाज आला.

"आधी बसा, अप्पा," जोहरा म्हणाली. "खाऊन घ्या. मग तुमचा आवाज निघंल तसं म्हना. मी कुठं जात न्हाई."